टेबल, दिवा आणि पाण्याचा पेला : जर्मन कादंबरीकारांच्या परदेशातल्या वाचनांची पार्श्वभूमी

जर्मन शिकायला लागलं की ‘लेझुंग’ हा शब्द लवकरच कानावर पडतो. ‘लेझन’ म्हणजे वाचणं, त्यावरून लेझुंग. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘वाचन’ इतकाच दिलेला असतो, आणि तो पुरत नाही. एक टेबल, त्यावर छोटा दिवा, पाण्याने भरलेला पेला, समोर खुर्च्यांच्या रांगा. लेखक येतो, बसतो, स्वतःचं पुस्तक उघडतो आणि पाऊण तास, तासभर वाचत राहतो. मग थोड्या गप्पा, चार प्रश्न, शेवटी सहीसाठी रांग. एवढ्यासाठी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये लोक तिकीट काढून येतात. लेखकाला मानधन मिळतं, आणि कित्येक कादंबरीकारांचं घर पुस्तकांच्या रॉयल्टीपेक्षा या वाचनांवर चालतं. नवी कादंबरी आली की लेखक बॅग भरून गावोगाव निघतो.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द अभिवाचन. पण अभिवाचन म्हटलं की आपल्याला आवाजाचे चढउतार हवे असतात, पात्रागणिक सूर बदललेला हवा असतो. जर्मन कादंबरीकाराचं वाचन पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस म्हणूनच थोडा गोंधळतो. आवाज सपाट, नजर पानावर, हातवारे नाहीत. खुद्द जर्मन लोकही या प्रकाराला थोडं चिडवून ‘पाण्याच्या पेल्याचं वाचन’ म्हणतात. मलाही आधी तो लेखकाचा कोरडेपणा वाटायचा. पुढे इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या सपाटपणामागे एक जखम आहे, आणि ही मंडळी आपली पुस्तकं घेऊन देशाबाहेर का आणि कशी जाऊ लागली याची गोष्ट त्या जखमेपासून वेगळी काढता येत नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेखक लुडविग टीक ड्रेस्डेनमधल्या आपल्या घरी संध्याकाळी पाहुण्यांना नाटकं वाचून दाखवत, आणि ते ऐकायला दूरदेशीचे प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करून येत. विसाव्या शतकात व्हिएन्नाचे उपरोधकार कार्ल क्राउस यांनी 1910 ते 1936 या काळात 700 जाहीर वाचनं केली. व्हिएन्नात, बर्लिनमध्ये, प्रागमध्ये, आणखी कुठे कुठे. एकटा माणूस, टेबलामागे बसून, पूर्ण नाटक सगळ्या पात्रांच्या आवाजांत वाचायचा. पुढे लेखक झालेले तरुण एलियास कानेटी त्या श्रोत्यांत असत आणि त्या आवाजाने वर्षानुवर्षं झपाटलेले होते. म्हणजे नाट्यमय वाचनाचं जर्मन भाषेला वावडं होतं असं मुळीच नाही. ते नंतर आलं.

परदेशातल्या वाचनाचा माझा सगळ्यात आवडता जुना प्रसंग मात्र एका फसलेल्या संध्याकाळचा आहे. 10 नोव्हेंबर 1916. पहिलं महायुद्ध चालू आहे. फ्रान्झ काफ्का प्रागहून रेल्वेने म्युनिकला येतात. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, म्युनिक जर्मन साम्राज्यात. मधली सरहद्द ओलांडायला परवाना लागे, आणि वाचायचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. जागा होती हान्स गोल्त्स यांची आर्ट गॅलरी. काफ्का यांनी मित्र माक्स ब्रोड यांच्या काही कविता वाचल्या आणि मग स्वतःची ‘इन डेअर श्ट्राफकोलोनी’ ही कथा, जिच्यात एक यंत्र कैद्याच्या अंगावर त्याची शिक्षा सुयांनी कोरतं. समोरच्या लोकांच्या घरातली मुलं त्याच वेळी आघाडीवर मरत होती. लोक अस्वस्थ झाले, वर्तमानपत्रांनी नापसंती दाखवली. ऐकणाऱ्या बायका बेशुद्ध पडल्या अशी एक दंतकथा अनेक वर्षांनी कुणीतरी लिहिली, पण अभ्यासक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. वाचनासाठी बर्लिनहून आलेल्या प्रेयसी फेलिस बाउअर यांच्याशी काफ्का यांचं एका मिठाईच्या दुकानात भांडण झालं, ते वेगळंच. हा प्रकार म्हणजे एक भव्य अपयश होतं, असं त्यांनी नंतर एका पत्रात लिहिलं.

प्रागबाहेर काफ्का यांनी केलेलं हे एकमेव जाहीर वाचन. त्यांच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण कुठेही नाही. मला राहून राहून वाटतं, त्या हिवाळी संध्याकाळी खुर्चीत अवघडून बसलेल्या त्या थोड्या माणसांनी जे ऐकलं त्यासाठी आज जगभरातले वाचक काय वाटेल ते देतील.

तीन वर्षांनी, 1919 च्या शरद ऋतूत, कवी रिल्के वाचनासाठी झुरिकला आले. हॉटिंगेन वाचनमंडळाने त्यांना बोलावलं होतं. तिथून सेंट गालेन, बासेल, बर्न, विंटरथूर असा दौरा झाला आणि ते स्वित्झर्लंडमध्येच राहिले. वाचायला म्हणून देशाबाहेर पडलेला लेखक परत न जाणं, ही गोष्ट तेव्हा एका कवीच्या लहरीची वाटली असेल. चौदा वर्षांनी ती नियती झाली.

10 फेब्रुवारी 1933 रोजी कादंबरीकार थॉमस मान यांनी म्युनिक विद्यापीठात संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्यावरचं व्याख्यान वाचलं. हिटलर चान्सेलर होऊन दोन आठवडे झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी मान आणि पत्नी कात्या व्याख्यान घेऊन निघाले: ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस. नंतर थोडी विश्रांती म्हणून स्वित्झर्लंडमधलं आरोसा. फेब्रुवारीच्या अखेरीस बर्लिनमध्ये संसदेला आग लागली, धरपकड सुरू झाली. मोठी मुलं एरिका आणि क्लाउस यांनी म्युनिकहून फोन केला. फोनवर कान असणार हे माहीत असल्यामुळे त्यांनी एवढंच सांगितलं की इथली हवा वाईट आहे, येऊ नका. वडिलांना आधी कळेना. पर्वतातही हवा वाईटच आहे म्हणाले. मग कळलं. दोन-तीन आठवड्यांच्या दौऱ्याच्या सामानानिशी निघालेला तो माणूस जर्मनीत राहायला पुन्हा कधीच गेला नाही. 1936 च्या अखेरीस त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, आणि जर्मन भूमीवर त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं ते 1949 मध्ये, गोएथे जन्मद्विशताब्दीची भाषणं द्यायला.

तोवर ते अमेरिकेत स्थिरावले होते. 1938 मध्ये लोकशाहीच्या विजयावरचं व्याख्यान घेऊन त्यांनी पंधरा शहरं पालथी घातली. तेही इंग्रजीत, पानावरून, पाठ घोकून आणि जड उच्चारांत. वयाच्या साठीनंतर परक्या भाषेत हजारोंपुढे वाचणारा हा कादंबरीकार संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या घरी आला की कुटुंबापुढे आणि मोजक्या मित्रांपुढे ‘डॉक्टर फाउस्टुस’ची लिहून झालेली प्रकरणं मूळ जर्मनमधून वाचायचा. जवळच, समुद्राच्या वर टेकडीवर, दुसरे निर्वासित कादंबरीकार लिऑन फॉइश्टवांगर यांच्या घरीही पाहुण्यांपुढे अशीच वाचनं होत. ही दोन्ही घरं आज जर्मनीच्या मदतीने चालणारी निवासकेंद्रं आहेत: फॉइश्टवांगर यांचं ‘व्हिला ऑरोरा’ 1995 पासून, मान यांचं घर 2018 पासून. आजचे जर्मन लेखक तिथे काही महिने राहतात आणि वाचतात.

मेक्सिको सिटीत 1941 मध्ये निर्वासितांनी हाइनरिश हाइने क्लब काढला. कादंबरीकार ॲना झेगर्स अध्यक्ष होत्या. युद्ध संपून लोक पांगेपर्यंत, 1946 पर्यंत, तिथे जर्मनमधून वाचनं, नाटकं, गाणी होत राहिली. पॅरिसमध्ये 10 मे 1934 रोजी, पुस्तकं जाळल्याच्या बरोबर एक वर्षाने, जाळलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय उघडलं, आणि निर्वासित लेखक कॅफेंमध्ये जमून एकमेकांना वाचून दाखवत. कल्पना करा: ज्या भाषेत आपल्याला देशोधडीला लावलं तीच आपली भाषा, आणि ती ऐकणारी माणसं एका खोलीत मावण्याइतकी. वाचन म्हणजे त्यांच्यासाठी पुस्तकाची जाहिरात नव्हती. पुस्तक छापायलाच कुणी नव्हतं. छापखाना नसलेल्यांचं ते प्रकाशन होतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सोडून दिली तर पुढचं काही कळत नाही. नाझी राजवटीनेही साहित्यिकांना मंचावर बसवलं. 1941 मध्ये वायमारला युरोपीय लेखकांचा एक संघ उभा करण्यात आला, लेखक हान्स कारोसा यांना त्याचं अध्यक्ष केलं गेलं, जिंकलेल्या देशांतल्या लेखकांना पाहुणे म्हणून फिरवून आणलं गेलं. रेडिओवर, सभांतून, शाळांतून भारदस्त, घुमवलेली जर्मन बारा वर्षं ऐकवली गेली. युद्ध संपलं तेव्हा तो सूरच नासला होता. कुणी आवाज चढवून, लय धरून काही वाचू लागला की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई.

याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण 1952 चं आहे. हान्स वेर्नर रिख्टर यांनी 1947 मध्ये जमवलेल्या ‘ग्रुपं 47’ या लेखकांच्या गटाची बैठक बाल्टिक समुद्रकाठच्या नीनडॉर्फला भरली होती. या बैठकींची रीत ठरलेली: रिख्टर पोस्टकार्डं पाठवून बोलावत. ज्याची पाळी तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून अप्रकाशित मजकूर वाचे. त्या खुर्चीला सगळे ‘विजेची खुर्ची’ म्हणत. वाचून झालं की बाकीचे तुटून पडत, आणि वाचणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही. त्या खुर्चीत पॅरिसहून आलेले कवी पाउल सेलान बसले. चेर्नोवित्सचे ज्यू, आईवडील नाझींच्या छळछावणीत गेलेले. त्यांनी ‘टोडेसफूगं’ ही छळछावणीवरची कविता वाचली, स्वतःच्या मुलखातल्या जुन्या पद्धतीने, गंभीर, लयीत, जवळजवळ गात. काही लोक हसले. तिथे हजर असलेल्यांनी नंतर सांगितलं की कुणीतरी त्या सुराची तुलना गोबेल्सशी केली. ज्याची माणसं त्या राजवटीने मारली त्याच्यावर त्या राजवटीच्या सुराचा आळ! मी ही हकीकत जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थांबतो. पण यातूनच कळतं की तिथले कान किती भाजलेले होते. तेव्हापासून जर्मन लेखक सपाट वाचू लागला असं मी म्हणणार नाही. इतकी सरळ रेघ इतिहासात नसते. पण पाण्याच्या पेल्यामागचा तो खाली ठेवलेला आवाज या पिढीने जाणूनबुजून निवडला, एवढं मला वाटतं.

याच खुर्चीत 1958 मध्ये आल्गॉय भागातल्या ग्रोसहोल्त्सलॉयट गावी गुंटर ग्रास बसले. तेही तेव्हा पॅरिसलाच राहत होते. त्यांनी ‘डी ब्लेश्ट्रोमेल’ म्हणजे ‘द टिन ड्रम’ची दोन प्रकरणं वाचली आणि गटाचं पारितोषिक जिंकलं. पुढच्या वर्षी कादंबरी आली, मग सारं जग आलं.

गट स्वतःही सरहद्दीपार गेला. 1964 मध्ये स्वीडनमधल्या सिगटुनाला आणि एप्रिल 1966 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला. प्रिन्स्टनच्या बैठकीबद्दल जितकं लिहावं तितकं थोडं. युद्धाला वीसच वर्षं झालेली. आइनस्टाइन आणि थॉमस मान ज्या गावात निर्वासित म्हणून राहिले होते त्याच गावात पश्चिम जर्मनीचे लेखक विमानाने येऊन जर्मनमधून वाचत होते. व्हिएतनामवर बोलावं की नाही यावरून आपापसांत वाद पेटले होते, कारण यजमान देशातच आंदोलनं चालू होती. आणि शेवटी तेवीस वर्षांचा, लांब केसांचा एक ऑस्ट्रियन पोरगा उठला. पीटर हांडके. नवं जर्मन गद्य निव्वळ वर्णनात अडकलंय, ही वर्णनाची नपुंसकता आहे, असं त्याने ज्येष्ठांच्या तोंडावर सांगितलं. त्या सत्रांचं ध्वनिमुद्रण प्रिन्स्टनने जपून ठेवलं आहे, ते ऐकता येतं. खोलीतली कुजबुज, हशा, खोकले सगळं ऐकू येतं. जर्मन साहित्यातलं एका पिढीचं भांडण न्यू जर्सीत झालं, कारण तिथे सगळे एका छताखाली होते आणि घर लांब होतं.

1968 ची बैठक प्रागजवळच्या डोब्रीशच्या वाड्यात ठरली होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले आणि बैठक झालीच नाही. गट तिथेच विरला. 1990 मध्ये, भिंत पडल्यावर, उरलेले लोक म्हातारे होऊन त्याच वाड्यात एकदा जमले.

या दरम्यान परदेशात वाचायला पाठवणारी एक कायमची व्यवस्था उभी राहिली होती: गोएथे इन्स्टिट्यूट. स्थापना 1951 ची. सुरुवातीचं काम परदेशातल्या जर्मन शिक्षकांना शिकवण्याचं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून परदेशातली सांस्कृतिक केंद्रं तिच्याकडे येऊ लागली. पैसा मुख्यतः सरकारचा, पण रचना नोंदणीकृत संस्थेची. हे अंतर मुद्दाम राखलेलं होतं, 1941 चं वायमार कुणी विसरलं नव्हतं. पश्चिम जर्मनीचे नेते विली ब्रांट संस्कृतीला परराष्ट्र धोरणाचा तिसरा खांब म्हणत, आणि सत्तरच्या दशकात त्याच खांबावर सरकारवर टीका करणारे लेखक सरकारी पैशाने जगभर वाचत फिरले. देशात त्यावरून आरडाओरडा होई. मला मात्र ही त्या व्यवस्थेची खरी कमाई वाटते. टीकाकाराला तिकीट काढून देणारं राज्य फारसं कुठे सापडत नाही.

भारतात या संस्थेला माक्स म्युलर भवन म्हणतात हे आपल्याला ठाऊकच आहे. ऋग्वेदाची संहिता संपादित करणारे हे पंडित डेसाऊचे, कवी विल्हेल्म म्युलर यांचे चिरंजीव. जन्मभर भारताविषयी लिहिलं आणि भारतात कधीच आले नाहीत. पहिलं भवन 1957 मध्ये कलकत्त्यात निघालं. मुंबईत काळा घोड्याजवळ आणि पुण्यात बोट क्लब रोडवर जाणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या मराठी माणसांनी जर्मन साहित्य पहिल्यांदा ऐकलं ते या भवनांत. त्याआधी आणि त्याबरोबरीने आपल्याकडे जर्मन साहित्य आलं ते बहुतेक रंगभूमीच्या वाटेने: खानोलकरांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’, पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’, दोन्ही मूळ ब्रेख्त. ब्रेख्तला आपण आपला करून घेतला. कादंबरीकाराला तसं करता येत नाही. तो स्वतः येऊन, स्वतःच्या भाषेत, शेजारी अनुवादक घेऊन बसतो.

ग्रास कलकत्त्याला वाचून परत जाणाऱ्या पाहुण्यासारखे आले नाहीत. 1977 च्या ‘डेअर बुट’ कादंबरीत त्यांनी त्या शहराविषयी देवाने टाकलेल्या घाणीचा ढीग अशा शब्दांत लिहिलं होतं आणि बंगाली वाचक दुखावले होते. ऑगस्ट 1986 मध्ये ते पत्नी उटे यांच्यासह तिथे राहायलाच आले. आधी बारुईपूरला, तिथून लोकलच्या गर्दीत शहरात. ‘दी प्लेबियन्स रिहर्स दी अपरायझिंग’ हे त्यांचं नाटक बंगालीत उभं राहत होतं, त्यात ते गुंतले. जानेवारी 1987 मध्ये परतले, आणि 1988 मध्ये ‘त्सुंगं त्साइगेन’ आलं: चित्रं, दैनंदिनी आणि एक दीर्घ कविता. नाव कालीमातेच्या बाहेर काढलेल्या जिभेवरून. पुस्तकावर टीका भरपूर झाली, आणि काही रास्तही होती. तरी एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यासमोर ते जाऊन बसले, त्यांचं ऐकून घेतलं.

ग्रास यांचं दुसरं काम कमी लोकांना माहीत आहे. ‘डेअर बुट’पासून, 1978 पासून, ते नव्या कादंबरीच्या अनुवादकांना एकत्र बोलवू लागले. काही दिवस सगळे एका टेबलाभोवती, पानापानाने पुस्तकातून जात. कुणी कुठेही अडवावं, ग्रास समजावून सांगत. परदेशातल्या वाचनाची खरी तयारी ही. अनुवादच लुळा असेल तर मंचावरचा लेखक नुसता दाखवायला आणलेला माणूस उरतो.

पूर्व जर्मनीतल्या लेखकांना परदेशी वाचन म्हणजे परवानगीचा खेळ. ख्रिस्टा वोल्फ 1974 मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात निवासी लेखिका म्हणून जाऊ शकल्या. वोल्फ बियरमान हे कवी-गायक नोव्हेंबर 1976 मध्ये पश्चिम जर्मनीत कलोनला कार्यक्रमाला गेले आणि तीन दिवसांनी त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं. थॉमस मान यांच्या दौऱ्याची पुनरावृत्ती, दुसऱ्या जर्मनीकडून.

ऑस्ट्रियाची तऱ्हा याच्या उलट. तिथले लेखक थॉमस बेर्नहार्ड 1989 च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात निघालं की आपलं काहीही ऑस्ट्रियाच्या हद्दीत छापू नये, रंगमंचावर आणू नये, नुसतं वाचूनही दाखवू नये. कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत. देशाने लेखकाला हाकलल्याची उदाहरणं वर आलीच. इथे लेखकाने मेल्यावर देशाला हाकललं. 1998 मध्ये वारसांनी प्रतिष्ठान काढून ही अट सैल केली. मधली नऊ वर्षं मृत्युपत्राच्या शब्दाप्रमाणे त्या लेखकाचं नवं वाचन म्हणजे परदेशातलंच वाचन.

आता आजच्या काळाकडे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टला 1977 पासून इंगेबोर्ग बाखमान पारितोषिकासाठी लेखक परीक्षकांसमोर वाचतात आणि टीव्हीवर सारं थेट दिसतं. विजेच्या खुर्चीचाच हा वारसा. 1991 मध्ये तिथे तुर्कस्तानात वाढलेल्या एमिने सेवगी ओझदामार जिंकल्या, 1999 मध्ये हंगेरीत जन्मलेल्या तेरेझिया मोरा. योको तावादा 1982 मध्ये जपानहून हॅम्बुर्गला आल्या, जपानी आणि जर्मन दोन्हींत लिहितात, आणि पियानोवादक आकी ताकासे यांच्याबरोबर जगभर वाचतात. या लेखकांनी ‘परदेश’ हा शब्दच हलवून सोडला. जर्मन लेखक झेबाल्ड तर अनेक वर्षं इंग्लंडमध्येच होते, नॉरिचला शिकवत आणि जर्मनमधून लिहीत. 15 ऑक्टोबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या 92 स्ट्रीट वाय या सांस्कृतिक केंद्रात त्यांनी आपली कादंबरी ‘आउस्टरलिट्झ’ वाचली, अँथिया बेल यांच्या इंग्रजी अनुवादातून. शहरावरच्या हल्ल्याला महिना झाला होता. दोन महिन्यांनी ते स्वतः अपघातात गेले. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. जर्मन उच्चार लपवायचा जराही प्रयत्न न करता, घाई न करता ते वाचतात, आणि त्या आवाजामुळे ती लांबच लांब इंग्रजी वाक्यं पुन्हा जर्मन होतात.

आपल्याशी सगळ्यात जवळचं नाव इलिया ट्रोयानोव. जन्म सोफियाचा, 1965 चा. लहानपणी कुटुंबाबरोबर बल्गेरियातून पळून जर्मनीत, मग केनियात. 1998 ते 2003 ते मुंबईत राहिले. त्यांच्या ‘डेअर वेल्टेनझामलर’ला 2006 मध्ये लाइपझिग पुस्तकमेळ्याचं पारितोषिक मिळालं. ती एकोणिसाव्या शतकातला इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन याच्यावरची कादंबरी, आणि तिचा पहिला भाग मुंबई, बडोदा आणि सिंधमध्ये घडतो. पुढच्या वर्षी मुंबईचेच कवी रणजित होस्कोटे यांच्याबरोबर त्यांनी संस्कृतींच्या सरमिसळीवर एक पुस्तक लिहिलं. हा लेखक मुंबईत जर्मनमधून वाचतो तेव्हा परका कोण आणि घरचा कोण?

2024 मध्ये येनी एर्पेनबेक यांच्या ‘कायरोस’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, जर्मन लेखकाला पहिल्यांदाच. 50,000 पौंड लेखिका आणि अनुवादक मिखाएल होफमान यांच्यात निम्मे-निम्मे. 2025 च्या कोलकाता पुस्तकमेळ्यात जर्मनी मुख्य देश होता. आणि याच काळात, 2023 मध्ये, गोएथे इन्स्टिट्यूटने खर्च कमी करायला नऊ ठिकाणची केंद्रं बंद करायचं जाहीर केलं. त्यांत वॉशिंग्टन, ओसाका, रॉटरडॅम, तुरीन होती. बक्षिसाच्या बातमीसाठी कॅमेरे येतात. पण तीस-चाळीस माणसांपुढे होणारं वाचन अशा एखाद्या शाखेच्या छोट्या सभागृहातच होत असतं, हे सांगायला कुणी येत नाही.

परदेशातल्या वाचनाची घडी साधारण अशी असते: लेखक दोन पानं मूळ जर्मन वाचतो, मग अनुवादक किंवा नट तोच मजकूर स्थानिक भाषेत वाचतो, मग सूत्रसंचालकाशी बोलणं. हल्ली ती दोन पानं कमी होत चालली आहेत. लेखकांना इंग्रजी चांगलं येतं, वेळ वाचतो, श्रोते कंटाळतील अशी आयोजकांना भीती वाटते. मला ही भीती पटत नाही. पुण्यात विद्यार्थी असताना ऐकलेल्या एका वाचनाची आठवण सांगतो. लेखिकेने जर्मनमधून वाचलं. निम्म्या सभागृहाला काही कळत नव्हतं, पण कुणी हललं नाही. मग आमच्याच वर्गातल्या एका मुलीने मराठी अनुवाद वाचला. जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीत आणताना ते आधीच येऊन बसतं आणि वाक्याचा श्वास सुटतो. मराठीत तसं होत नाही. एक वाक्य अर्धं पान लांब होतं, घरातून निघून गेलेल्या वडिलांविषयी, आणि ते गेले की फक्त बाहेर उभे आहेत हे वाक्य संपेपर्यंत कळत नव्हतं. मुलगी शेवटच्या शब्दापर्यंत आली, थांबली, मग म्हणाली, ‘निघाले.’ लेखिकेला मराठीचा गंध नव्हता. तिने पुस्तकात त्या ओळीवर बोट ठेवलेलं होतं, आणि तो शब्द आला तेव्हा तिने मान वर केली.